फ्रेंच, शोना आणि आमची तानूआत्या

आज सकाळी डोळे उघडायच्या आधीच मला शिंका आल्या. एक आली, दुसरी आली, तिसरीनं तर अंथरुणात उठवूनच बसवलं. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, सर्दी झाली वाटतं. काढा करू का?" म्हटलं, काढा नको आणि गोळीही नको. सर्दी नव्हे ही, हंगाम आलाय. कुठल्यातरी वखारीचं दार उघडलं असणार, कुणीतरी पोतं झटकलं असणार आणि वारा आमच्या गल्लीकडं वळला असणार. निपाणीच्या माणसाला पंचांग लागत नाही. संक्रांत सरली की नाकच तिथी सांगतं.

तिनं खिडक्या लावून घेतल्या. पण तंबाखूचा वास खिडकीला कुठं जुमानतो? करपलेल्या गुळासारखा थोडा, तापलेल्या मातीसारखा थोडा, आणि या दोघांच्या मागून हळूच येऊन घशाला चिमटा काढणारा. लोकांना आईच्या पदराला दुधाचा, तुपाचा वास आठवतो. मला आत्याच्या पदराचा आठवतो, आणि तो हा असा आहे. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की मी आधी शिंकायची आणि मग झोपायची.

"या दिवसांत सगळी निपाणी फ्रेंच बोलते बघ," मी नातीला म्हटलं. तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं.

"आजी, तू कुठं शिकलीस फ्रेंच?"

"आमच्या परसात."

खोटं नाही सांगत. मी शाळा बघितली ती बाहेरून. अक्षरं शिकले ती तंबाखूच्या पुड्या बांधायच्या रद्दी कागदावर, एकेक जोडत जोडत. बेळगावच्या पुढं कधी गेले नाही. खडेबाजारात बांगड्या भरून परत आले की पृथ्वीप्रदक्षिणा झाल्यासारखं वाटायचं. तरीपण जगातल्या दोन भाषांविषयी माझं मत पक्कं आहे. फ्रेंच नाकातून येते. शोना दातांच्या फटीतून शीळ घालत येते. एका हंगामात या दोन्ही आमच्या परसात समोरासमोर बसल्या होत्या आणि मध्ये होती माझी आत्या.

जर्मनची लढाई संपून काही वर्षं झाली होती. माझे वडील बळवंत, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, दुसऱ्यांचा तंबाखू स्वतःच्या गाडीनं वखारीत नेऊन टाकायचे. आमच्या परसात पाला कुटायचा, चाळायचा, पोती भरायची. तानूआत्या आण्णांची धाकटी बहीण. नांदायला गेली, नवऱ्याला देवी निघाल्या, तो गेला आणि ती लगेच परत आली, एकटी. आमच्यात बाईचा पाट लावायची रीत होती, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पण मागणी घालायची ती भावाकडं आणि होकार द्यायचा तो भावानं. बाईला विचारायची रीत मात्र नव्हती. पाट लावायला कुणाची हरकत नव्हती, विचारायचं तेवढं कुणाला सुचत नव्हतं.

आणि एकाच आठवड्यात दोघांनी मागणी घातली. दोघं आण्णांचे लहानपणापासूनचे सोबती.

एक हिंदुराव. लढाईत सरकारी खेचरं घेऊन फ्रान्सला गेलेला, छातीवर बिल्ला आणि ओठावर मिशी घेऊन परत आलेला. मिशी बिल्ल्यापेक्षा चकचकीत. दुसरा भरमा. तंबाखू घ्यायला येणाऱ्या एका गुजराती शेठजीचं बोट धरून आफ्रिकेत ऱ्होडेशियाला गेलेला. तिकडंही तंबाखूच पिकतो, तिकडंही भरमा तंबाखूच चाळत होता. आई म्हणायची, "एवढा दर्या वलांडून गेला आन् पोचला कुठं, तर परत चाळणीपाशी!" हिंदुराव फ्रेंच शिकून आला, भरमा तिकडच्या माणसांची शोना.

आण्णांची पंचाईत झाली. एकाला हो म्हणावं तर दुसरा सोबती तुटतो. मग त्यांनी त्या काळी निपाणीत प्रत्येक अवघड प्रश्नाला जे उत्तर असायचं तेच दिलं. "तंबाखू निघू दे. मग बघू." लग्न, भांडण, घराची शाकारणी, देवाचा नवस, सगळं तंबाखू निघाल्यावर.

त्यामुळं सगळा हंगामभर दोघं संध्याकाळी आमच्या परसात येऊन बसायचे. मागणी घातलेल्या माणसानं मागणीचा विषय काढायचा नसतो. मग बोलणार काय? भाषा काढायचे. आणि दोघांच्या बोलण्याचा रोख कुठं आहे ते आम्हा सगळ्यांना कळायचं. पाल्याच्या ढिगापलीकडं आत्या तोंडावर पदर बांधून चाळणी हलवत बसलेली असायची. नुसते डोळे दिसायचे तिचे.

"बळवंता, फ्रान्समदी भाकरीला काय म्हंत्यात, ठावं हाय?" हिंदुराव मिशीला पीळ देत विचारायचा. "पँ!"

"आन् दारूला?"

"व्हँ!"

"आन् चांगल्याला?"

"बों!"

आई चुलीपुढून म्हणायची, "आवो भावजी, ह्येला भाषा म्हंत्यात व्हय? आमच्या वखारीतल्या बायका नाकाला पदर बांधून दीसभर ह्येच बोलत्यात. पँ पँ, व्हँ व्हँ. त्यास्नी कुनी बिल्ला दिला न्हाय."

खरंच होतं ते. तंबाखूची धूळ नाकात गेली की मराठी असो नाही तर कानडी, बाहेर येताना फ्रेंचच होऊन यायची. आमच्याकडं तशा दोन भाषा प्रत्येकाच्या तोंडात. बाजारात भाव विचारायचा कानडीत आणि घासाघीस करायची मराठीत. तिसरीला जागा करणं अवघड नव्हतं. पण हिंदुरावाच्या फ्रेंचची एक अडचण होती. ती तो शिकला होता एका म्हातारीकडून, जिच्या गोठ्याशेजारी त्याची खेचरं बांधलेली असायची. त्यामुळं निम्मी फ्रेंच म्हातारीशी बोलायची होती आणि निम्मी खेचरांशी. कुठली निम्मी कुणाची, हे त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं.

भरमाची तऱ्हा निराळी. तो आधी बोलायचाच नाही. विचारलं तर बोलायचा, आणि बोलताना ओठांचा चंबू करून मधूनच शीळ घालायचा. "बरं हाय, झक्कास हाय, ह्येला तिकडं म्हंत्यात झ्वाकानाका." तो 'झ्व' मला आजतागायत जमला नाही. माझे पुढचे दात पडले होते तेव्हा जरा जवळ आला होता, नवे आले तशी शोना गेली. "तंबाखूला फोद्या. पान्याला म्वूरा, आन् पावसालाबी म्वूराच. बापाला म्हंत्यात बाबा."

"बाबा?" आण्णा ताठ झाले. "ते तर आपलंच की रं!"

"आन् आईला आमाई."

आई भाकरी थापता थापता थांबली. एवढा दर्या ओलांडून गेल्यावर तिकडं पोरं आमाई आणि बाबा म्हणून रडतात, हे ऐकून तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं त्या दिवशी भरमाला दुसरी भाकरी न विचारता वाढली. हिंदुरावानं ते बघितलं.

"धपकन पडला, ह्येला फ्रेंचमदी काय?" आण्णांनी एकदा मुद्दाम विचारलं.

हिंदुराव विचारात पडला. मिशी सोडली, परत धरली. मग गंभीरपणे म्हणाला, "तिकडं मानूस पडताना आवाज करत न्हाय."

"आन् शोनात?"

"लई हायत," भरमा म्हणाला. "कुनी न सांगता येऊन टपाकला तर प्फाचा! सगळ्याला आवाज हाय तिकडं. आपल्यागतच. पडायला, उडायला, गप बसायलाबी."

त्या दिवशी चाळणीचा आवाज मध्येच थांबला होता, ते माझ्या ध्यानात आहे. पदराआड आत्या हसत होती. खांदे हलत होते तिचे. मी बघितलं आणि भरमानंही बघितलं. हिंदुराव मात्र अजून धपकनलाच शब्द शोधत होता.

आता टाळ्यांचं सांगते, नाहीतर राहून जाईल.

भरमा रोज सकाळी आण्णांना वखारीत न्यायला यायचा. आमच्याकडं कुणाच्या घरी जायचं म्हणजे उंबऱ्यात पाय आणि तोंडात हाक, "हायसा का घरात?" उत्तर येईपर्यंत माणूस चुलीपाशी. पण भरमाला तिकडची सवय लागलेली. तिकडं म्हणे दारात थांबायचं, खाली वाकून दोन्ही तळवे एकमेकांवर सरळ धरून संथ टाळ्या वाजवायच्या आणि आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत थांबायचं. बायकांची टाळी वेगळी. हात आडवे, तळव्यात पोकळी ठेवून. तिचा आवाज घागरीतून आल्यासारखा खोल येतो. ते मला भरमानंच शिकवलं आणि मी घरभर वाजवत फिरायची.

तर आफ्रिकेतून आल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी त्यानं दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. आई होती आत दळण आवरत. सकाळच्या पारी दारात टाळ्या, तिला वाटलं सौंदत्तीच्या यल्लम्माचा जोगता आला जोगवा मागायला. तिनं सुपात मूठभर जोंधळा घेतला, डोक्यावर पदर घेतला, बाहेर येऊन खाली बघतच म्हणाली, "घे बाबा, आईच्या नावानं." आणि समोर भरमा!

दुसरा कुणी असता तर हसला असता. भरमानं काय करावं? तिकडची रीत अशी की कुणी काही दिलं तर आधी टाळी वाजवायची आणि मग दोन्ही हातांनी घ्यायचं, नको म्हणायचं नाही. त्यानं परत टाळ्या वाजवल्या, ओंजळ पुढं केली आणि म्हणाला, "तातेंदा, वैनी," म्हणजे उपकार झाले. आईनं सूप ओतलं. ओतल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. पण देवीच्या नावानं एकदा दिलं की दुसऱ्या दिवशी नाही कसं म्हणायचं? मग रोजच. तो टाळ्या वाजवायचा, आई धुसफुसत सूप आणायची. "बरा भेटला जोगता! याला शेत हाय, वावर हाय, आन् रोज माझा जोंधळा घेऊन जातोय."

"खातोस काय रं त्यो?" आण्णांनी विचारलं.

"देवीच्या नावाचा खाऊ कसा? मडक्यात भरून ठेवलाय," भरमा म्हणाला.

गल्लीत या गोष्टीची इतकी चर्चा झाली की हिंदुरावानंही एकदा दारात येऊन टाच आपटली आणि पटका काढून "बोंझूर!" म्हटलं. आई म्हणाली, "या आत. सूप न्हाय मिळायचं."

माझी नेमणूक झाली ती आणखी एका संध्याकाळी. गोष्ट नात्यांवर आली होती. फ्रेंचमध्ये आत्याला काय म्हणतात? हिंदुराव म्हणाला, तांत. मावशीला? तांत. काकूला? तेही तांत. मामीला? त्यानं मान खाली घातली.

आईच्या हातातलं उलथनंच पडलं. "मावशी आन् आत्या येकच? मग लग्नात मानाचं लुगडं कुनाला नेसवत्यात? आन् रुसायचं कुनी?"

"तिकडं रुसत न्हाईत," हिंदुराव म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

भरमा म्हणाला, "शोनात आत्या येगळी. तेते. मावशी येगळी. आन् तेतेचा मान लई मोठा. पोरीचं लगीन ठरायचं ते तेतेच्या हातनं. पोराला पोरगी आवडली तर बापाकडं जायचं न्हाय, पैल्यांदा तेतेला सांगायचं. तेते पोरीला जाऊन इचारनार, बाई गं, तुझ्या मनात काय हाय?"

आईनं चूल फुंकायची थांबवली. चाळणीही थांबली.

मला मात्र नात्यांचा हिशेब पुरा करायचा होता. म्हटलं, "आमच्या आत्याला तर आत्याच न्हाय. तिला कोन इचारनार?"

आण्णांनी खाकरून पानाचा डबा ओढला. भरमा पाल्याच्या ढिगाकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाला, "मग शेवंते, तूच तिची तेते."

तेव्हापासून तो मला तेतेच म्हणायचा, अगदी माझे केस पांढरे होईपर्यंत. हिंदुराव मला मामझेल म्हणायचा, तिकडं लग्न न झालेल्या पोरीला म्हणतात तसं. दोन किताब होते माझ्याकडं, एक फ्रेंच आणि एक शोना, आणि वय असं की अजून परकर नीट सांभाळता येत नव्हता.

काम मोठं मनावर घेतलं मी. दुसऱ्या दिवशी आत्याच्या शेजारी जाऊन बसले. चिकानं काळी पडलेली बोटं, चाळणी, धूळ. या दिवसांत भाकरी कडू लागायची, पाणी कडू, हाताचा गूळसुद्धा कडू. बैल शिंकायचे. आमच्या परसात कावळे उतरत नसत.

"आत्या, तुझ्या मनात काय हाय?"

ती चाळतच राहिली. "कशाचं गं?"

"तुला फ्रेंच आवडती का शोना?"

तिनं पदर खाली ओढला. किती दिवसांनी मला तिचं अख्खं तोंड कामाच्या वेळी दिसलं. म्हणाली, "मला कोन इचारतंय?"

"म्या इचारतोय की! म्या तुझी तेते हाय." आमच्याकडं पोरीसुद्धा बोलतोय, करतोय म्हणायच्या, अजून म्हणतात.

ती हसली. मग परत चाळायला लागली. वाटलं विसरली. पोतं शिवून झालं तेव्हा म्हणाली, "दोघास्नीबी येकच इचार. सकाळी बाई उठली की तिला त्या मुलखात कुनी काय इचारतं का?"

मी संध्याकाळी विचारलं. आत्याचं नाव न घेता विचारलं, तेवढी अक्कल होती.

हिंदुराव म्हणाला, "इचारतं म्हंजे? बाई दिसली की टोपी काढायची आन् बोंझूर म्हनायचं! राणी आसू दे न्हाय तर झाडूवाली. मी तर खेचरास्नीबी म्हनायचो."

"मग ती काय म्हनते?"

"तीबी बोंझूर."

"मग?"

"मग काय? आपल्या वाटंनं जायाचं."

भरमानं दोन्ही हात जुळवले. "तिकडं सकाळी भेटलं की इचारायचं, मारारा सेई? म्हंजे झोप लागली का? आन् समोरच्यानं म्हनायचं, न्दारारा काना मारारावो. म्हंजे, तुमास्नी लागली आसंल तर मलाबी लागली."

"ह्ये कसलं बोलनं?" आईला राहवेना. "त्येला ढेकनं चावली म्हनून मी झोपलेच न्हाय म्हनू व्हय? माझी झोप माझी, त्येची त्येची!"

"तिकडं तशी येगळी न्हाय, वैनी."

"आन् दुपारी?"

"दुपारीबी तसंच. तुमचा दीस बरा गेला आसंल तर माझाबी गेला."

"म्हंजे येक मानूस आजारी पडलं की गाव कामाला जायाचं न्हाय!" आई म्हणाली आणि सगळे हसले, भरमासुद्धा. पण मी तेते होते. मी ढिगापलीकडं बघितलं. आत्याचे ओठ पदराआड हलत होते. पदर कसा नुसता आतून हलत होता, श्वास घेतल्यासारखा. ती पाठ करत होती.

माघ संपला, परस रिकामं झालं, शेवटची गाडी वखारीत गेली. आता आण्णांना पळवाट उरली नाही.

त्यांनी हिंदुरावाला हो म्हटलं. चुकीचं म्हणता येणार नाही. पेन्शन होती, बिल्ला होता, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो परत फ्रान्सला जाण्याची भीती नव्हती. लढाई संपली होती. भरमाचं तसं नव्हतं. शेठजीची माणसं अजून त्याला बोलवत होती. "भनीला दर्यापल्याड न्हेली तर मी कुनाला इचारू ती जित्ती हाय का म्हनून?" असं आण्णा आईजवळ बोलले. भरमानं जाणार नाही म्हणून शब्द दिला होता. पण शब्द एकाचा आणि काळजी दुसऱ्याची. आई म्हणाली, "वन्संना इचारलं का?" आण्णा म्हणाले, "ती काय म्हननार हाय? तिनं आजवर कंदी न्हाय म्हटलंय?"

सुपारी फोडायची सकाळ ठरली. सुपारी फुटली म्हणजे शब्द पक्का, मग ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही. हिंदुरावाचे चुलते बेळगावहून खडेबाजारातले पेढे घेऊन आले. घोंगडं अंथरलं. मध्ये तबक, त्यात सुपारी आणि अडकित्ता. हिंदुराव लढाईतला गरम कोट घालून बसला होता आणि घामानं त्याची मिशी उतरत होती. आत्या आत. अशा कामात तिनं बाहेर यायचं नव्हतं, तिचंच काम असलं तरी. मी दारात बसले होते, चिडून. तेतेला कुणी विचारलं नव्हतं.

आण्णांनी अडकित्ता उचलला आणि बाहेर टाळ्या वाजल्या.

भरमा रोजच्या वेळेला आला होता. वखारीत जायला गाडी नव्हती, तंबाखू नव्हता, तरी आला होता. त्याला माहीत होतं आज काय आहे ते. दाढी न केलेली, डोळे तांबारलेले. तो दारात वाकला, संथ टाळ्या वाजवल्या आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "मारारा सेई?"

चुलते म्हणाले, "ह्यो जोगता कुठला म्हनायचा?"

आईच्या हातात पाहुण्यांचं पाणी. ती जागची हललीच नाही. आणि आतून सूप घेऊन आत्या आली.

सगळ्यांच्या मधून आली. घोंगड्याला वळसा घालून उंबऱ्यापाशी आली. सूप खाली ठेवलं. मग ती वाकली, हात आडवे धरले, तळव्यात पोकळी ठेवली आणि टाळी वाजवली. घागरीतून यावा तसा आवाज. मी तर तिला शिकवली नव्हती. मी घरभर वाजवत होते तेव्हा बघितली असणार तिनं. आणि मोठ्यानं, सगळ्या घरानं ऐकावं असं म्हणाली, "न्दारारा काना मारारावो."

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

"काय म्हनाली?" चुलत्यांनी विचारलं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. घरात शोना येणारी मीच होते. मी उभी राहिले, परकर वर खोचला आणि सरकारी कामासारखं सांगितलं, "आत्या म्हंती, तुमास्नी झोप लागली आसंल तर मलाबी लागली."

आता यावर भरमानं हो म्हणायचं आणि वाटेला लागायचं. रीत तीच होती. झोप लागो न लागो, म्हणायचं तेच. तिकडची माणसंही म्हणे तसंच करतात. पण त्याला ते जमलं नाही. जुळवलेले हात तसेच धरून तो मराठीत म्हणाला, "न्हाय लागली, तानूबाई. रातभर न्हाय लागली."

आत्या सुपाकडं बघत म्हणाली, "मग मलाबी न्हाय."

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली. आण्णा हातातल्या अडकित्त्याकडं बघत होते, जणू तो कुणी दुसऱ्यानंच त्यांच्या हातात दिला होता. मग त्यांनी तो तबकात ठेवला. सुपारी अख्खी राहिली.

"तानू," ते म्हणाले, आणि मला वाटतं उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला विचारलं, "तुझ्या मनात ह्येच हाय व्हय गं?"

"आता इचारलंस, दादा," ती म्हणाली. "व्हय."

चुलते उसळले. पेढे उचलायला लागले. तेव्हा हिंदुराव उठला. कोटाची बटणं लावली, एकेक, सावकाश. आत्यासमोर येऊन टाच जुळवली, पटका काढला आणि वाकून म्हणाला, "बोंझूर, मादाम." मग चुलत्यांकडं वळला. "काका, पेढं ठेवा खाली. पेढं माझं न्हवं, सुपारीचं हायत. सुपारी आता दुसऱ्याची."

त्याच्यासारखं हरायला फार थोड्यांना जमतं. फ्रेंचमध्ये हरलेल्या माणसासाठी एक फार चांगला शब्द आहे, असं तो पुढं कितीतरी वर्षं सांगायचा. पण तो खेचरांकडला असल्यामुळं बायकांसमोर म्हणता येत नव्हता.

पाट लागला. अक्षता कुठल्या? मडक्यातल्या. आईनं हंगामभर धुसफुसत दिलेला सगळा जोंधळा भरमानं आणून तिच्यापुढं ठेवला. देवीच्या नावाचा खाता येत नाही, पण डोक्यावर पडायला काय हरकत? आई म्हणाली, "माझाच जोंधळा, माझ्याच वन्संच्या डोक्यावर!" आणि डोळे पुसले. तंबाखूची धूळ गेली म्हणाली. परसात तेव्हा तंबाखूचं पान नव्हतं.

भरमा परत आफ्रिकेला गेला नाही. आत्याच्या घरी रोज सकाळी दोन तऱ्हेच्या टाळ्या वाजायच्या, एक सपाट, एक खोल. हिंदुराव पलीकडच्या गल्लीतून ओरडायचा, "झोपला का न्हाय रं दोघंबी? तुमच्यापायी आमाला झोप न्हाय!" त्याला वाटायचं तो फ्रेंचची बाजू लढवतोय. खरं तर तो शोनाच बोलत होता.

आता त्यातलं कुणी राहिलं नाही. शोना निपाणीत माझ्याबरोबर संपेल. फ्रेंचचं बरं आहे. हंगामात धूळ उडेल तोवर तिला मरण नाही.

मी हे एवढं नातीला सांगत होते तर सूनबाई चहा घेऊन आली. चहा कडूच लागणार या दिवसांत, पण घेतला. तिचे डोळे तांबारलेले होते. म्हणाली, "आई, विचारायचं राहिलं सकाळपासून. रात्री झोप लागली का?"

मी पेला खाली ठेवला, हात आडवे धरले, पोकळी करून टाळी वाजवली आणि म्हटलं, "तुला लागली असेल तर मला लागली."

"मला कुठली लागते," ती म्हणाली. "पहाटेपासून तुमच्या शिंका ऐकतेय."

"मग मलाबी न्हाय," मी म्हटलं आणि शिंकले.